दहा दिवस उघडी वाट

हिंगण्यातल्या एका मारुतीच्या देवळात नागद्वार यात्रेची पहिली बैठक बसली, तेव्हा मधोमध तीन वस्तू होत्या: भिंतीवरून काढून आणलेलं कॅलेंडर, शंभर पानी वही आणि चहाची किटली. नकाशा कोणी काढला नाही.

“पंचमी 29 जुलैले,” वही धरलेल्या काकाजींनी जाहीर केलं आणि शेतकरी मंडळींत चुळबुळ सुरू झाली. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे नागपंचमी 21 ऑगस्टला होती, 2024 साली 9 ऑगस्टला. 2025 साली मात्र ती जुलैतच आली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कपाशीत डवरणी चालते, सोयाबीनमध्ये निंदण चालतं, आणि उघाड मिळाली की जो तो मजूर शोधत फिरतो. अशा वेळी तीन-चार दिवस डोंगरात जायचं म्हणजे शेत कोणाच्या तरी हवाली करायला हवं.

एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांचं गणित वेगळं होतं. पंचमी मंगळवारी. रविवारला जोडून एक-दोन रजा टाकल्या की काम भागतं, त्यामुळे तरुण पोरांना शनिवारी रात्री निघायचं होतं. काकाजींनी मान हलवली. त्या शनिवार-रविवारी अख्खा विदर्भ त्याच वाटेवर असणार. बराच खल झाल्यावर बुधवारी रात्री निघून शनिवारी परतायचं ठरलं. शेतकऱ्यांना ते चाललं, कामगारांनी रजा वाढवली, आणि ज्यांना जमेना त्यांची नावं वहीत वेगळ्या पानावर गेली.

संपादकांनी डोंगरवाटांवर लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा सह्याद्री असावा. नागपूरच्या माणसाला मात्र डोंगर म्हटलं की उत्तरेकडे पाहावं लागतं. हिंगणा समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर आहे. सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, धूपगड, साडेतेराशे मीटरवर. त्या शिखराच्या पलीकडच्या दऱ्यांमध्ये नागद्वारची गुहा आहे, आणि तिथे जाणारी वाट वर्षातून सुमारे दहा दिवस, नागपंचमीच्या आधी, उघडते. पचमढीचा हा मेळा मध्य प्रदेशात भरतो. त्यात चालणारे पाय मुख्यतः विदर्भाचे असतात.

लांब वाटेचा शेवटचा तुकडा

आज आपण जे चालतो तो एका जुन्या, पुष्कळ लांब वाटेचा शेवटचा तुकडा आहे. पचमढीच्या डोंगरांत विदर्भातली माणसं दोनदा जातात. पावसाळ्यात नागद्वारला आणि महाशिवरात्रीला चौरागडच्या मोठ्या महादेवाला, खांद्यावर त्रिशूळ घेऊन. महादेवाला निघालेल्या जथ्याला आपल्याकडे पोहा म्हणतात. हे पोहे पूर्वी घरापासून पायी किंवा बैलगाडीने निघत, गावोगावी मुक्काम करत, गाणी म्हणत सातपुडा चढत. छिंदवाडा जिल्ह्यातल्या जुन्नारदेवजवळच्या विशाला देवस्थानाला आजही चौरागडची पहिली पायरी म्हणतात. पहिली पायरी आणि शेवटचं शिखर यांच्यात कित्येक कोसांचं जंगल आहे. म्हणजे यात्रेच्या हिशेबात डोंगर तिथूनच सुरू होत असे.

इंग्रजांनाही हीच दिशा सापडली. 1861 साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि पुढे उन्हाळ्यात सरकारी कारभार पचमढीला हलू लागला. कॅप्टन जेम्स फोरसाइथने 1862 साली तिथे बायसन लॉज बांधला. पचमढी त्याने शोधली असं पर्यटनाच्या पत्रकांत छापतात. पण 1871 साली निघालेल्या त्याच्याच पुस्तकात महादेवाच्या डोंगरातली यात्रा आहे, तिच्यातली गर्दी आहे आणि त्या गर्दीत पसरणारी पटकीही आहे. साहेब पोचण्याआधी वाट मळलेली होती, आणि कोरकू व गोंड तर तिथेच राहत होते.

मग डांबरी रस्ता आला, एसटी आली, आणि नागपूर ते पचमढी हा अडीचशे किलोमीटरचा पल्ला एका रात्रीचा झाला. गाडी जिथे जाऊ शकत नाही तेवढंच चालणं उरलं. लांब वाट तुकड्यातुकड्याने चालणं मराठी माणसाला नवं नाही. नर्मदेची सलग परिक्रमा न जमणारे खंड परिक्रमा करतात, वारीत नोकरदार एखाद्या टप्प्यापुरते सामील होतात. अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी ॲपलाशियन वाट साडेतीन हजार किलोमीटरची आहे, आणि तिच्यावर पाऊल ठेवणाऱ्यांतले बहुतेक लोकही एखादाच भाग चालून घरी जातात. तुकडा निवडला की प्रश्न सगळीकडे सारखेच येतात: कुठे शिरायचं, कुठे बाहेर पडायचं, मध्ये पाणी कुठे, आणि सोबत कोण.

हिंगण्याच्या बैठकीत पहिल्या तीन प्रश्नांवर फार वेळ गेला नाही. चौथ्यावर रात्र गेली.

मधात कोण चालणार

वहीच्या एका पानावर नावं जोडीने लिहिलेली होती. प्रत्येक नवख्यासोबत एक जुना. नवराबायकोची जोडी शक्यतो लावायची नाही, कारण दोघं एकदमच थकतात आणि एकदमच भांडतात, असं काकाजींचं म्हणणं. मधुमेह कोणाला, रक्तदाबाची गोळी कोणाला, कोणाच्या गुडघ्यात पाणी झालं होतं, हे सगळ्यांसमोर विचारलं गेलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. शहरी ट्रेकिंग क्लब हीच माहिती अर्जात भरून घेतात आणि ती आयोजकापाशी राहते. इथे ती पन्नास कानांवर पडते. चालताना एखादी मावशी गप्प झाली, तर तिची साखर उतरली असेल हे शेजारच्या पोराला कळतं.

रांगेचा क्रमही ठरला. पुढे वाट माहीत असलेला, शेवटी शिट्टी असलेला. या दोघांच्या मधल्या कोणीही पुढच्याच्या पुढे जायचं नाही आणि मागच्याच्या मागे राहायचं नाही. सर्वांत हळू चालणाऱ्याला कुठे ठेवायचं यावर तरुणांचं म्हणणं होतं, मागे. काकाजींनी ते खोडून काढलं.

“हळू चालनाऱ्याले मधात घ्या. मांगं ठेवला का तो मांगंच राह्यते, अन् आपल्याले मालूमही पडत नाही.”

यात चालण्याचं पक्कं ज्ञान आहे. हळू माणूस शेवटी असला की पुढचे थांबून त्याची वाट पाहतात, तो पोचला की विश्रांती संपते आणि सगळे उठतात. सर्वाधिक दमलेल्याला सर्वांत कमी बसायला मिळतं. तो मधे असला की रांगेचा वेग आपोआप त्याचा होतो.

आणखी एक गोष्ट निघण्याआधीच ठरली: परत कोण फिरणार. एखाद्याला पुढे जमलं नाही तर त्याचा जोडीदार त्याच्यासोबत परत येईल, आणि त्याबद्दल कोणी काही बोलणार नाही. जोडीदाराचं दर्शन हुकलं तरी ते घडलं असंच धरायचं. देवाच्या दारी असा नियम कोणी कधी केला हे विचारलं, तर कोणाला सांगता येईना. सगळे तो पाळतात.

पुढचे काही आठवडे संध्याकाळी मोहगाव झिलपीच्या रस्त्यावर चालण्याचा सराव झाला. सपाट रस्त्यावर दम वाढतो, गुडघे तयार होत नाहीत. म्हणून एका रविवारी सगळ्यांना रामटेकला नेऊन गडाच्या पायऱ्या चढवल्या आणि, त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उतरवल्या.

पिशवीत काय, टेम्पोत काय

या यात्रेची व्यवस्था समजायची तर ओझ्याची वाटणी पाहावी. विदर्भातली कितीतरी सेवा मंडळं दरवर्षी डोंगरात तंबू ठोकतात, चुली मांडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालतात. तांदूळ, डाळ, तेल, आलू, मोठी भांडी गाडीने पचमढीपर्यंत जातात आणि तिथून पुढे माणसांच्या डोक्याखांद्यावर. त्यामुळे यात्रेकरूला चार दिवसांचा शिधा वाहावा लागत नाही. हिमालयातल्या पदयात्रेत तंबू, स्टोव्ह, शिधा यांचं वजन पाठीवर असतं. इथे त्या वजनाची जागा भरवशाने घेतली आहे.

तरी भरवशाची हद्द वहीत लिहिलेली होती. पाऊस लागून नाला चढला आणि तंबू पलीकडे राहिला तर काय? म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत एका वेळेपुरतं स्वतःचं खाणं: मुर्रा, फुटाणे, गूळ, दशम्या. सोबत साखर-मिठाची पुडी, स्वतःच्या गोळ्या, विजेरी, दोरीचा एक तुकडा. दुपट्टा दोन, एक डोक्याला आणि एक अंग पुसायला. आणि पन्नी. मोठी, जाड प्लास्टिकची पन्नी: अंगावर घ्यायला, खाली अंथरायला, पिशवीवर बांधायला. महागडे रेनकोट आणलेले दोघंतिघं होते. चढावर आतून घामाने भिजल्यावर त्यांनीही ते काढून ठेवले.

एक कोरडा जोड गाठ मारून पन्नीत बांधायचा आणि झोपेपर्यंत सोडायचा नाही, यावर काकाजी अडून होते. दिवसभर भिजलेलं अंग रात्री कोरडं झालं नाही, तर जुलैतही हुडहुडी भरते. पचमढी हा मध्य प्रदेशातला सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. पाऊस टाळायचा विचार इथे कोणी करत नाही. भिजायचं कधी आणि सुकायचं कधी, एवढंच ठरवायचं असतं.

पादत्राणांवर मतभेद झाले. काही जण नवसामुळे अनवाणी चालतात, त्यांना कोणी काही म्हणालं नाही. बाकीच्यांना सांगितलं गेलं की नवे बूट आणू नका, तळवा खरखरीत असलेली, आधी घालून मळवलेली जोडी आणा. याचं कारण दगडात आहे. हिंगण्याची काळी माती आणि तिच्याखालचा बेसाल्ट एक, पचमढीचा वालुकाश्म दुसरा. वालुकाश्मात पाणी झिरपतं, त्यातूनच झरे आणि गुहा होतात. त्याची वाळू पायाखाली खडबडीत आणि विश्वासाची वाटते. पण सावलीतल्या सपाट कातळावर शेवाळ धरलं की तोच दगड दगा देतो.

सावनेर, सौंसर, सिल्लेवानी

रस्त्याचं नियोजन सोपं नव्हतं. यात्रेसाठी एसटी नागपूरहून जादा गाड्या सोडते. मेट्रोची हिंगणा मार्गावरची गाडी 2020 पासून लोकमान्य नगरहून सीताबर्डीला येते, तिथून गणेशपेठ स्थानक जवळ. एकट्यादुकट्याला हे उत्तम. पण पन्नास माणसं, भांडी आणि एक ढोलक घेऊन मेट्रोत चढता येत नाही. दोन गाड्या ठरवल्या.

सावनेरनंतर महाराष्ट्र संपतो, मराठी संपत नाही. सौंसरच्या टपरीवर चहा मराठीतच मागितला जातो. 2023 साली नव्याने झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातला हा भाग. जवळच जामसावळीचा आडवा पहुडलेला मारुती, तिथे गाडी थांबतेच. मग सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया. तामियापासून रस्ता डोंगरांच्या कडेने जातो, आणि दिवसा पाहिलं तर खाली पातालकोटाच्या बाजूच्या दऱ्या ढगांनी भरलेल्या दिसतात. देलाखारी मागे टाकून मटकुलीला आलं की पिपरियाचा रस्ता एकीकडे आणि पचमढीचा दुसरीकडे.

रात्रीचा घाट, पाऊस आणि दिवसभर काम करून आलेला चालक, हा या यात्रेतला खरा धोका आहे. पायवाटेवरच्या घसरण्यापेक्षा तो मोठा, आणि त्याची चर्चा कमी होते. हिंगण्याच्या मंडळाने प्रत्येक गाडीला दोन चालक घेतले. वर्गणी वाढली, कुरकुर झाली, निर्णय बदलला नाही.

जलगलीच्या पुढे

पचमढीत यात्रेच्या दिवसांत जीपगाड्यांची झुंबड असते. त्या धूपगडाच्या रस्त्याने जलगलीपर्यंत सोडतात, आणि तिथून पाय. पुढचा पल्ला साधारण बारा किलोमीटरचा सांगतात. हा आकडा ऐकून नवखे निर्धास्त होतात. सपाट रस्त्यावर बारा किलोमीटर म्हणजे अडीच-तीन तास. इथे वाट दरीत उतरते, नाला ओलांडते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते. काही ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत, आणि शिडी एका वेळी एकाच माणसाची असते. खाली पंधराशे माणसं उभी असली तर तुमचा वेग किती हा प्रश्नच उरत नाही. म्हणून वहीत अंतरं नव्हती, ठिकाणं होती: भजियागिरी, कालाझाड, चित्रशाला, चिंतामणी, पश्चिमद्वार, काजरी. उजेड असेपर्यंत यांपैकी कुठवर पोचायचं आणि पोचलो नाही तर कुठे थांबायचं, एवढंच.

वाटेवर सगळे एकमेकांना भगत म्हणतात. वकील असो, फिटर असो, शाळकरी पोर असो. “चला भगत, थोडंच राह्यलं,” हे वाक्य पहिल्या तासापासून ऐकू येतं आणि शेवटपर्यंत ते खोटंच असतं. हात मागितला की मिळतो. अनोळखी माणूस निसरड्या कातळावर पाय रोवून उभा राहतो आणि वीस-पंचवीस जणांना पार करून मग स्वतः पुढे जातो.

काजरी या ठिकाणाला एक कथा चिकटली आहे. मूल होईना म्हणून काजरी नावाच्या बाईने नागदेवाला नवस केला की मूल झालं तर तुझ्या डोळ्यांत काजळ घालीन. मूल झालं, ती नवस फेडायला आली, आणि देवाचं ते प्रचंड रूप समोर पाहून तिचा जीव गेला. रांगेतल्या बायका ही कथा एकमेकींना सांगत होत्या, काही जणी नवस बोलायला आणि काही फेडायला आलेल्या. पुढे पद्मशेषाची गुहा, म्हणजेच नागद्वार. आत वाकून, अंग चोरून जावं लागतं. दर्शन क्षणभराचं, कारण मागून रेटा असतो.

आमच्या रांगेतल्या एका काकूंचा गुडघा दुसऱ्या मोठ्या उतारावरच बोलू लागला. त्यांनी आधी लपवलं. जोडीदार मुलीने ओळखलं, शेवटच्या माणसाने शिट्टी दिली, रांग थांबली. पाच मिनिटांत ठरलं की दोघी परत. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वाद झाला नाही, कारण वाद हिंगण्यातच आटोपला होता. मोबाइलला रेंज नव्हती. दोघी पचमढीतल्या ठरलेल्या धर्मशाळेत थांबणार, तिथे गाडीचा एक चालक असणार, हे सगळ्यांना पाठ होतं. डोंगरात जाऊन ठरवलं असतं तर त्या काकू आणखी तासभर ओढत चालल्या असत्या आणि मग त्यांना उचलून आणावं लागलं असतं.

जंगलाची अट

ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आहे. मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचं गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटकांना बंद असतं. पावसाळा हा जंगलाचा विणीचा, वाढीचा काळ. नेमक्या त्याच दिवसांत लाखोंच्या संख्येने माणसं या दऱ्यांतून जातात, कारण पंचमी तेव्हाच येते. प्रशासन, वनखातं, पोलीस, होमगार्ड, आपत्ती दल असं सगळं दहा दिवस डोंगरात उभं असतं. कोरोनाच्या काळात यात्रा थांबली, तेव्हा जंगलाला तो पावसाळा पूर्ण मिळाला असेल.

यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, यात्रा बंद करा. दुसरं म्हणतं, देवाच्या वाटेवर अटी कसल्या. वाट जुनी आहे आणि प्रकल्प नवा, हे खरं. पण जुन्या वाटेवर जाणारा पोहा पानाची पत्रावळ टाकून जात असे, आणि आजचा भगत पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी, थर्माकोलचं ताट आणि ती जाड पन्नी टाकून जातो. पावसाने तोच कचरा नाल्यात आणि नाल्यातून देनवा नदीत जातो. मंडळं जेवण देण्यात जेवढी उदार, तेवढी उष्टं गोळा करण्यात नाहीत. तंबूशेजारी ताटांचा ढीग पाहिला की अन्नदानाचं पुण्य कुठपर्यंत पुरतं असा प्रश्न पडतो.

हिंगण्याच्या मंडळाने त्या वर्षी एक साधा नियम केला होता: आणलेली पन्नी मोजून परत गाडीत चढवायची. परतताना मोजली तर बऱ्याच जणांची निघाली नाही. कोणाची फाटली म्हणून टाकली, कोणी कुडकुडणाऱ्या अनोळखी माणसाला दिली. दुसऱ्या कारणाला काय म्हणावं हे काकाजींनाही सुचेना.

पुढच्या वर्षाचं पान

परतल्यावर हिशेबाची बैठक झाली. गाडीभाडं, चालक, उरलेले तांदूळ. मग वहीचं नवं पान उघडलं. 2026 साली अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे नागपंचमी 17 ऑगस्टला पडते, सोमवारी. तोवर निंदण बरंचसं आटोपलेलं असेल, शेतकऱ्यांना मोकळीक. पण शनिवारचा स्वातंत्र्यदिन, रविवार आणि पंचमी जोडून आल्याने वाटेवर तुफान गर्दी होणार. म्हणून त्याच्याही आधीच्या आठवड्यात दोन तुकड्यांत जायचं असं घाटत होतं. स्टीलची ताटं प्रत्येकाने आपापली न्यायची, हे एका वहिनींनी सुचवलं. पोरांनी वजनाची तक्रार केली. ताटाचं वजन त्यांच्या मोबाइलच्या पॉवर बँकेएवढं आहे, हे तिथेच तराजूवर ठेवून दाखवण्यात आलं आणि ठराव मंजूर झाला.

ट्रेकिंगच्या चांगल्या संस्था जो मंत्र देतात, की आणलेलं सगळं परत न्या, तो या मंडळांनी उशिरा का होईना घ्यायला हवा. आणि वर्षाकाठी हजारो रुपये भरून हिमालयात अनोळखी लोकांच्या रांगेत चालणाऱ्या आपल्या शहरी मंडळींनी हिंगण्याच्या वहीतलं ते नावांच्या जोड्यांचं पान पाहायला हवं. वाटेची माहिती आता कोणालाही मिळते. पुढचा, मधला, शेवटचा आणि परत फिरणारा कोण, हे निघण्यापूर्वी एका खोलीत बसून, सगळ्यांच्या तोंडावर ठरवणं कठीण असतं. ते झालं की उरलेलं नियोजन चहा संपेपर्यंत होतं.